कोणाला कळत नाही?

मराठीत लिहिणाऱ्याला सध्या एक सल्ला न मागता मिळतो. सोपं लिहा. सल्ला देणारे नाना तऱ्हेचे असतात. अंक काढणारे असतात, शाळेत मराठी शिकवणारे असतात, आणि गेल्या कित्येक दिवाळ्यांत ज्यांनी एकही दिवाळी अंक उघडलेला नाही असे हळदीच्या मांडवात शेजारी येऊन बसलेले पाहुणेही असतात. म्हणणं मात्र सगळ्यांचं एकाच साच्यातलं. जुने, वापरातून गेलेले शब्द रोजच्या बोलण्यात-लिहिण्यात आणू नका. ते कोणाला कळत नाहीत. वाचक अडखळतो, मग कंटाळतो, मग पान उलटतो. भाषा वाहती असते. तिनं मागे टाकलेलं उकरून काढणाऱ्याला एकच हौस असते, शब्द मिरवायचे आणि समोरच्याला अडाणी ठरवायचं. एवढं झालं की आवाज खाली येतो आणि शेवटचा मुद्दा निघतो: हे जुन्या मराठीचं प्रेम म्हणजे मूठभर पेठेतल्या लोकांचं खूळ आहे हो, बहुजनांना त्याचं काय? आणि हवेतच कोणाला ते शब्द, तर कोशात आहेत की. तिथं सुखानं नांदू द्या.

हा सल्ला मी जासईत बसून ऐकतो. उरण तालुक्यातलं हे गाव. एका अंगाला बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरांची रांग, दुसऱ्या अंगाला उलव्याचे टॉवर. प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांचं गाव म्हणून बाहेर ओळख. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको आली, १९८९ मध्ये जेएनपीटी बंदर सुरू झालं, आणि त्या वर्षांत या पट्ट्यातली भाताची खाचरं आणि मिठागरं आधी कागदावरून गेली, मग जमिनीवरून. शब्द ‘वापरातून जातात’ म्हणजे नेमकं काय होतं हे आम्ही भाषाशास्त्राच्या पुस्तकात वाचलेलं नाही. ते आमच्या डोळ्यांदेखत झालंय. म्हणून या सल्ल्याला मान डोलावणं मला जमत नाही.

पहिला प्रश्न साधा आहे. ‘कोणाला कळत नाही’ यातला हा ‘कोण’ कोण?

आमच्याकडे सहीच्या जागी अंगठा उमटवणाऱ्या पिढीनं १८९४ चा भूसंपादन कायदा कलमांच्या आकड्यांसकट तोंडपाठ केला होता. चारची नोटीस आली, सहाची आली, नऊची आली, निवाडा झाला, पैसे तक्रार नोंदवून उचलले, अठराचा दावा टाकला, शेजाऱ्याला वाढीव मिळाले म्हणून अठ्ठावीस-अ चा अर्ज केला. ही भाषा वकिलाच्या कचेरीत नाही, घराच्या ओटीवर बोलली जायची. तिच्यात सातबारा होता, फेरफार होता, पोटहिस्सा, पोटखराबा, वरकस, कूळ, कब्जेदार, गुरचरण, गावठाण होतं. यातले निम्मे शब्द आज मुंबई-पुण्याच्या पदवीधराला अडतील. आमच्या म्हाताऱ्यांना ते अडले नाहीत, कारण पोटखराबा म्हणजे काय हे ज्याला कळलं नाही त्याचं क्षेत्र मोजणीत कमी भरत होतं आणि गावठाणाची हद्द ज्याला सांगता आली नाही त्याचं घर अनधिकृत ठरत होतं. जानेवारी १९८४ मध्ये १६ आणि १७ तारखेला या परिसरात जमिनीसाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यानं ‘साडेबारा टक्के’ हे दोन शब्द जन्माला घातले. नवी मुंबईच्या मूळ गावांत ते शाळकरी पोरालाही कळतात. सोलापूरच्या वाचकाला विचारा, कशाचे साडेबारा टक्के? नाही सांगता येणार. मग ते शब्द ‘कोणाला कळत नाहीत’ या यादीत घालायचे का?

आता टॉवरच्या बाजूला या. कारपेट एरिया, बिल्टअप, सुपर बिल्टअप, स्टिल्ट, पोडियम, ऑक्युपन्सी सर्टिफिकेट. काल गावाकडून आलेला माणूस आठवड्याभरात हे सगळं अचूक बोलू लागतो. त्यातला कोणी बिल्डरला जाऊन म्हणाला का, की अहो, सोपं लिहा, आम्ही अडखळतो? आणि घर घेऊन झालं की त्याच दारावर मुलाच्या नावाची पाटी लागते. नाव वेद-पुराणं धुंडाळून काढलेलं, मागच्या सात पिढ्यांत घरातल्या कोणाच्या जिभेवर न आलेलं. अर्थ विचारला तर आईबाप मोबाइल उघडून वाचून दाखवतात. दिवसातून शंभर वेळा हाक मारायला अप्रचलित शब्द चालतो. लेखात एकदा आला की मात्र ठेच लागते.

माझ्याच एका लेखाची गोष्ट सांगतो. मी लिहिलं होतं की भांगाच्या दिवसांत खाडीत पाणी फारसं चढत नाही आणि जाळ्यालाही फार काही लागत नाही. छापून आलं तेव्हा ‘भांगाच्या’चं ‘भांगेच्या’ झालेलं होतं. आमचे लोक नशापाणी करून खाडीत उतरतात आणि म्हणून रिकाम्या हातानं परततात, असा बोध उभ्या महाराष्ट्राला झाला. भांग म्हणजे उधाणाचं दुसरं टोक. पुनवेला-अवसेला उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांग. खाडीकाठचं निम्मं जगणं या दोन शब्दांवर चालायचं: होडी कधी काढायची, बांध कधी राखायचा, लग्नाची तारीख धरली तर ताजी मासळी मिळेल का. त्याच लेखात ‘उघाडी’ काढून ‘स्लुइस गेट’ घातलेलं होतं. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, वाचकाला सोपं जावं म्हणून. स्लुइस गेट सोपं! उघाडी म्हटलं की उघडणं ऐकू येतं. कधी खाडी न पाहिलेल्या तिसरीतल्या मुलालाही काहीतरी उघडत असणार एवढा अंदाज येतो. स्लुइसमध्ये त्याला काय ऐकू येतं? अवघड तो शब्द कधीच नव्हता. मराठी होता, एवढाच त्याचा दोष.

हे मी रागानं म्हणतोय असं वाटत असेल तर इंग्रजीकडे बघा. मे २०१७ मध्ये शशी थरूर यांनी एका ट्वीटमध्ये ‘फरागो’ हा शब्द वापरला आणि देशभरचे लोक ऑक्सफर्डच्या कोशावर तुटून पडले. पुढच्या वर्षी स्वतःच्या पुस्तकाची जाहिरात करताना त्यांनी २९ अक्षरी ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’ बाहेर काढला. २०२० मध्ये अशाच शब्दांचं ‘थरूरोसॉरस’ नावाचं पुस्तक आलं. कोणी रागावलं का? उलट लोक तो शब्द घोकत बसले. मराठी घरांतही घोकला गेला, विनोद झाले, कौतुक झालं, काय व्याकरण, काय शब्दसंपत्ती! आपली मुलं स्पेलिंगच्या स्पर्धांना बसतात, परदेशी शिक्षणासाठी शब्दांच्या याद्या पाठ करतात, आणि त्या यादीतले शब्द लंडनच्या बसवाल्यालाही ठाऊक नसतात. त्यासाठी आईबाप फी भरतात. म्हणजे इंग्रजीतला शब्द कळला नाही तर लाज आपल्याला, आणि मराठीतला कळला नाही तर गुन्हा लिहिणाऱ्याचा. हा न्याय कोणत्या कोर्टातला?

‘भाषा वाहती असते.’ हे वाक्य उच्चारताना माणसाचा आवाज कीर्तनकारासारखा होतो. वाहती असते, कबूल. आमची खाडीही वाहती होती. तिच्यावर भराव पडला. राब, आवण, खाचर, खळं, उडवी, कणगी, अधोली, खंडी हे शब्द आमच्याकडे कोणाला नकोसे झाले नव्हते. कोणी सभा घेऊन ठराव केला नाही की आजपासून कणगीला ड्रम म्हणावं. शेत गेलं, भात गेलं, भात नाही म्हणून कणगी गेली, कणगी नाही म्हणून शब्द बेवारस झाला. याला प्रवाह म्हणतात? ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनाही तेव्हा हेच सांगितलं गेलं होतं, काळाचा ओघ आहे, अडवू नका. ओघ कोणी वळवला, कुठून वळवला, हे विचारणारा तेव्हा विकासविरोधी ठरला. आज शब्दांबद्दल विचारणारा जुनाट ठरतो.

ही फक्त आपल्याकडची रीत नाही. ऑक्सफर्डच्या लहान मुलांच्या कोशातून २००७ च्या आवृत्तीत ओकच्या फळाचा, किंगफिशर पक्ष्याचा, रानफुलांचा असे कितीतरी शब्द गळले आणि ब्लॉग, ब्रॉडबँड आत आले. युक्तिवाद तोच: आजच्या मुलांना हे लागत नाहीत. २०१५ मध्ये मार्गारेट अ‍ॅटवुडसह २८ लेखकांनी पत्र लिहून त्याचा निषेध केला. इंग्रजीसारख्या धष्टपुष्ट भाषेच्या लेखकांना जी काळजी वाटली ती मराठी लेखकानं बोलून दाखवली की ते मात्र स्मरणरंजन.

शिवाय वाहतं पाणी एकाच दिशेनं जातं हे ज्यानं फक्त नदी पाहिली त्याचं मत. खाडीत पाणी दिवसातून दोनदा उलटं येतं. शब्दही येतात. पंचवीस वर्षांचा, पाठीवर सॅक लावून शनिवारी रात्री एसटी पकडणारा मुलगा ऐका. माची, बालेकिल्ला, चर्या, जंग्या, मेट, घळ, नाळ असं सहज बोलतो. त्याच्या आजोबांना यातले दोनच शब्द येत होते, आणि तेही बखरीतून. डोंगर चढायला लागला, शब्द लागले, घेतले. मोडी लिपी तर आपण सगळ्यांनी मिळून पुरली होती. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि जिल्ह्याजिल्ह्यात मोडी वाचणाऱ्याचा शोध सुरू झाला. मेलेल्या लिपीत कोणाची तरी जात, कोणाचं तरी आरक्षण अडकलं होतं, मग कोणाला ती अवघड वाटली नाही. आणि ‘किंबहुना’? ज्ञानदेवांनी वापरलेला शब्द. आज गल्लीतल्या नगरसेवकापासून वरपर्यंत प्रत्येक जण भाषणात तो तीन-तीनदा फेकतो, बऱ्याचदा चुकीच्या जागी. त्याला कोणी म्हणत नाही, साहेब, सोपं बोला.

इथं पोचलो की एक विनोदी गृहस्थ हमखास उठतात. ‘म्हणजे आता रेल्वेच्या सिग्नलला अग्निरथगमनागमन अमुक तमुक पट्टिका म्हणायचं का?’ सगळे हसतात आणि वाद जिंकल्यासारखे चहाकडे वळतात. हा शब्द मराठीच्या कुठल्या जुन्या ग्रंथात आहे? कुठल्या गावात कोणाच्या आजीनं तो वापरला? तो थट्टेसाठी बनवलेला आहे, थट्टेपलीकडे त्याला आयुष्य नाही. जुन्या शब्दावर वार करायचा आणि पुतळा उभा करायचा बनावट शब्दाचा! घडवलेले शब्द हा वेगळा विषय आहे, आणि तिथंही हसणाऱ्यांचा हिशेब चुकलेलाच आहे. सावरकरांनी महापौर, दिनांक, चित्रपट हे शब्द पुढे आणले तेव्हाही हसणारे होते. आज ते वापरल्याशिवाय त्या हसणाऱ्यांच्या नातवंडांना साधा अर्ज भरता येत नाही. १९६२ मध्ये सरकारनं पदनाम कोश काढला, अत्र्यांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हटलं, खूप हशा झाला. त्यातलीच कितीतरी पदनामं आज कचेरीच्या दारांवर आहेत आणि शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना कळतात.

एक गोष्ट मान्य करतो, आणि एवढीच मान्य करतो. ‘उपरोक्त संदर्भीय विषयान्वये आपणांस सूचित करण्यात येते की’ या मराठीशी माझं काही नातं नाही. २७ फेब्रुवारीला भाषणात कोंबलेल्या आणि २८ ला विसरलेल्या शब्दांशीही नाही. पण नीट पाहा, तो जुन्या शब्दांचा दोष नाही. ज्याच्याकडे सांगायला काही नाही तो सोप्या शब्दांतही तेवढाच पोकळ असतो, आणि मराठी वाहिन्यांवर त्याचा रोज चोवीस तास पुरावा मिळतो.

आता ते हळू आवाजात सांगितलं जाणारं. जुने शब्द म्हणजे पेठी मक्तेदारी. हा मुद्दा ज्यांना पुरोगामी वाटतो त्यांनी एकदा आमच्याकडच्या लग्नाला यावं. डीजे सुरू व्हायच्या आधी यावं, म्हणजे ऐकू येईल.

आगरी लग्नात धवलारीण असते. ती धवला गाते, आणि नुसती गात नाही, विधी पुढे नेते. मांडव, हळद, तेल, वरात, कुठं काय व्हायचं ते तिच्या गाण्यात असतं. जुन्या पिढीतल्या धवलारणी बहुतेक शाळेचं तोंड न पाहिलेल्या. आता विद्यापीठात जा. तिथं एम. ए. मराठीच्या वर्गात ‘महदंबेचे धवळे’ शिकवतात. तेरावं शतक, महानुभाव पंथ, मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री, श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची गाणी. धवळे म्हणजे लग्नातली गाणी, अशी व्याख्या विद्यार्थी उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात, आणि कोणी विचारलं तर सांगतात की हा आता लुप्त झालेला प्रकार. लुप्त! वर्गाच्या खिडकीतून ट्रॅक्टरवरची वरात जात असते. जो शब्द प्राध्यापकाला प्राचीन, तो धवलारणीला कालच्या रविवारचा. मग पेठेतल्या कोणी याची मक्तेदारी घेतली होती? घेतली असती तर हा शब्द आमच्यापर्यंत पोचलाच नसता. खरं तर उलट झालंय. पेठेनं सोडून दिलं ते खाडीकाठानं सांभाळलं, आणि सांभाळणाऱ्याला आता सांगतात की हे तुझं नव्हेच.

तीच गत ‘आयला’ची. आमच्या बोलीत माणूस ‘आला’ असं नाही म्हणत, ‘आयला’ म्हणतात. शाळेत पहिल्या दिवशी पोराला त्यावरून टोकतात: आयला काय, आला म्हण, नीट बोल. पोर शरमतं, घरी येऊन आईला सुधारायला लागतं. पुढे तेच पोर कॉलेजात जातं आणि जुन्या मराठी ग्रंथांत त्याला ‘आइला’ भेटतो. तिथं तो आर्ष प्रयोग असतो, त्याच्यावर तळटीप असते. पोथीत असला तर आर्ष, आगऱ्याच्या तोंडी असला तर गावठी. शब्द तोच. बदललं फक्त तोंड. तेव्हा ‘जुने शब्द टाळा’ या सल्ल्यात जात कुठं लपलीय हे शोधायचंच असेल तर जरा नीट शोधा. ती सल्ला ऐकणाऱ्याकडे नाही, देणाऱ्याकडे सापडेल.

आणि हरिपाठ? आमच्या पट्ट्यातल्या गावागावांत देवळात संध्याकाळी हरिपाठ होतो. सप्ताह बसतो, ज्ञानेश्वरीचं पारायण होतं. शके १२१२ मधला, म्हणजे १२९० चा ग्रंथ. सव्वासातशे वर्षांपूर्वीची मराठी. वाचायला बसलेल्यांत ट्रेलरचा ड्रायव्हर असतो, बंदरातला हमाल असतो, सातवीत शाळा सोडलेली बाई असते. प्रत्येक ओवी प्रत्येकाला लागते का? नाही लागत. म्हणून कोणी उठून ‘सोपी आवृत्ती द्या’ म्हणून ओरडत नाही. न कळलेला शब्द शेजारच्याला विचारतात, कीर्तनात ऐकतात, दहा वर्षांनी एखादा अचानक उलगडतो. न कळण्याला घाबरायचं नसतं हे या लोकांना ठाऊक आहे. घाबरतो तो स्वतःला सुशिक्षित म्हणवणारा, कारण त्याला न कळणं म्हणजे अपमान वाटतो.

मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक शनिवारवाड्याच्या आवारात सापडलेला नाही, याच रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ अक्षीला सापडला. शके ९३४, सन १०१२. आमच्या उरण तालुक्यात चांजे आणि रानवडला शिलाहार राजांचे शिलालेख मिळाले आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा हेच सगळं पुरावा म्हणून छातीठोकपणे पुढे केलं जात होतं: शिलालेख, लीळाचरित्र, ज्ञानेश्वरी. दर्जा कशाच्या जोरावर मागितला होता? जुनेपणाच्या. पेढे वाटले, फलक लागले. आणि फलकाखाली उभं राहून तेच लोक नव्या लेखकाला सांगत होते, बाबा रे, जुने शब्द नकोत.

कोशात ठेवा म्हणणाऱ्यांचं मला विशेष वाटतं. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्व्यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड १९३२ ते १९३८ मधले. थोर कामं आहेत, दोन्ही मी रोज उघडतो. पण कोश झाला कशातून? कोणीतरी बोलत होतं, कोणीतरी टिपून घेत होतं. बोलणं थांबवून शब्द कोशात ठेवा म्हणणं म्हणजे माणसाला सांगणं की तुझी नोंद गॅझेटियरमध्ये झालीय, आता तू इथं राहायची गरज नाही. प्रकल्पग्रस्तांना ही भाषा नवी नाही. आणि कोश म्हणणारे कोश उघडतात तरी कधी? ज्याच्या घरी दाते-कर्वे आहे तो कधीच असला सल्ला देत नाही, हा माझा आजवरचा अनुभव.

जरा वाचलेला विरोधक असला की जॉर्ज ऑर्वेलला साक्षीला आणतो. १९४६ चा निबंध, राजकारण आणि इंग्रजी भाषा यांच्यावरचा. छोट्या शब्दानं भागत असेल तर लांब शब्द नको, हा त्यातला नियम सगळ्यांना पाठ. पण त्याच यादीत पुढे असंही आहे की रोजचा इंग्रजी शब्द हाताशी असताना परकी शब्दप्रयोग, शास्त्रीय शब्द किंवा धंद्यातली परिभाषा वापरू नये. हा नियम मराठीला लावून दाखवा. उघाडी छोटा आणि आपला, स्लुइस गेट लांब आणि परका. उधाण छोटा, ‘हाय टाइडचा अलर्ट’ लांब. ऑर्वेल कोणाच्या बाजूनं साक्ष देतो? हो, कालबाह्य शब्दांना वाचवत बसणं हे आपलं काम नव्हे असंही तो त्याच निबंधात म्हणतो. म्हणू दे. कालबाह्य कोणाच्या काळाबाहेरचा, एवढं फक्त विचारायचं. लंडनच्या संपादकाला जो प्रश्न पडायचं कारण नव्हतं तो जासईत रोज पडतो.

कारण इथं शब्द गेला की त्याच्याबरोबर अक्कलही जाते. खारकोपर हे आमच्या उरण मार्गावरचं लोकलचं स्टेशन. रोज हजारो लोक ते नाव ऐकतात. त्यातल्या चार जणांना विचारा, खार म्हणजे काय? तिघांना झाडावरचा प्राणी आठवेल. खार म्हणजे समुद्राच्या भरतीखाली जाणारी, बांध घालून गोड करून घेतलेली जमीन. १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम आहे, म्हणजे सरकारलाही हा शब्द जुना वाटत नाही. या जमिनीभोवती बांध, बांधात उघाडी. उघाडीचं झडप असं बसवलेलं असतं की भरतीचं पाणी बाहेरून दाबलं की ते आपोआप मिटतं. ओहोटी लागली, आतलं पावसाचं पाणी चढलं की आतून ढकललं जाऊन उघडतं. वीज नाही, पंप नाही, रात्री जागणारा माणूस नाही. फक्त झडपापुढचा गाळ काढत राहायचा आणि बांधाला खांड गेली तर पुढचं उधाण यायच्या आत ती बुजवायची. बांध फुटला म्हणजे खांड गेली. खांड गेली म्हणताच गाव घमेली-फावडी घेऊन धावायचं, कारण भांगाचे किती दिवस हातात आहेत हे प्रत्येकाला बोटांवर मोजता येत होतं.

आता पावसाळ्यात उधाण आणि मोठा पाऊस एकत्र आला की भरावाच्या कडेच्या गावांत पाणी शिरतं. दुसऱ्या दिवशी बातमी येते: सखल भागात पाणी साचलं. साचलं! आकाशातून पडलं आणि साचलं, कोणाचा दोष नाही. उघाडी कुठं होती, तिचं तोंड कोणत्या भरावाखाली गेलं, खाडीची कोणती फाटी बुजवली, हे त्या वाक्यात विचारताच येत नाही, कारण विचारायला लागणारे शब्द वाक्यातून आधीच काढून टाकलेले असतात. सोपं करण्यासाठी. बैठकीत म्हातारा उठून म्हणतो, उघाडी बुजली. समोरचा तरुण साहेब, चांगला असतो तो, मनापासून विचारतो, म्हणजे काय काका? भाषांतर होईपर्यंत बैठक पुढच्या विषयावर जाते. ‘लोकांना कळत नाही’ असं ज्या लोकांबद्दल बोललं जातं ते हेच. त्यांना सगळं कळतं. त्यांचं कोणाला कळत नाही.

तेव्हा, सल्ल्याबद्दल आभार. मी तो घेत नाही. मी उघाडी लिहिणार, खांड लिहिणार, खाजण, आवण, कणगी, धवला लिहिणार. बोलीभाषेचा नमुना म्हणून अवतरणचिन्हांच्या पिंजऱ्यात घालून नाही, तर सरळ, चालत्या वाक्यात, जिथं आजवर ते होते तिथं. पुढं कंसात अर्थ देणार नाही. ‘फरागो’साठी ज्यांनी कोश उघडला त्यांनी याच्यासाठीही उघडावा, नाहीतर उरणची लोकल पकडावी आणि कोणत्याही ओटीवर बसून विचारावं, चहा मिळेल, उत्तरही मिळेल. आणि मुद्रितशोधन करणाऱ्यांना हात जोडून एकच सांगणं: या खेपेला भांगाची भांग करू नका.